दहा लिटर श्वास

पडद्यावर तांबडी पट्टी उमटली तेव्हा रूपाली कुरणे डब्यात आज काय आणलंय याचा विचार करत होती. तांबडी पट्टी रोज येत नसे, पण आली म्हणून कुणी खुर्चीतून उठावं इतकी नवलाईही तिच्यात नव्हती. अशा वेळी नमुन्याच्या नळीवरचा क्रमांक मोठ्यानं वाचायचा आणि डॉक्टर बारगीर मॅडमनी तो पडद्याशी ताडून बघायचा, असा रिवाज होता. रूपाली वाचू लागली आणि शेवटच्या चार आकड्यांशी थांबली. हे चार आकडे दसऱ्याच्या सुमाराला तिच्याच स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारच्या एका छोट्या पेटीवर होते. येता-जाता नजर पडून ते तिला पाठ झाले होते.

नमुना तिच्या नवऱ्याचा होता.

मिरजेच्या या प्रयोगशाळेत माणसांचे श्वास तपासायला यायचे. रक्त नाही, लघवी नाही, नुसते श्वास. आपण सोडतो त्या हवेत काय काय असतं ते शाळेतलं पोरही घडाघडा सांगेल. पण त्या पाठ केलेल्या चार-पाच नावांपलीकडे आणखी हजारभर पदार्थ असतात, आणि ते अगदी नावापुरते असतात. पदार्थाचा एक रेणू आणि भोवती हवेचे कोट्यवधी रेणू, असा मामला. इतकं विरळ काही कुठल्याच यंत्राला थेट ओळखता येत नाही. ते आधी दाट करावं लागतं. दूध आटवून खवा करतात तसंच हे काम, फक्त हवा कढईत आटत नाही ही अडचण.

त्यावरचा तोडगा म्हणजे ती नळी. बोटाएवढी, स्टीलची, दोन्ही टोकांना फिरकीचं झाकण, आणि आत एक पांढरी भुकटी. भुकटीच्या कणाकणाला इतकी बारीक भोकं की चमचाभर भुकटीतल्या सगळ्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर शाळेचं मैदान झाकून जाईल. माणसानं सकाळी उपाशीपोटी या नळीतून सावकाश दहा लिटर श्वास सोडायचा. हवा पलीकडून निघून जाते, ते नावापुरते पदार्थ तेवढे भिंतींना चिकटून राहतात. मग प्रयोगशाळेत ती नळी एका झटक्यात तापवली की भुकटी सगळं एकदम सोडून देते. सुटलेलं ते एका गार ठिकाणी पुन्हा गोळा होतं, पुन्हा तापवलं जातं, आणि दहा लिटरांत विखुरलेलं सगळं टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत येतं. तेवढं दाट झाल्यावर यंत्र त्यातल्या एकेका पदार्थाला वेगळं काढतं, तोलतं आणि नाव सांगतं.

जुन्या भुकट्यांना हे इतकं जमत नसे. ही नवी भुकटी आली आणि कंपवाताची खूण सापडली. हात थरथरायला लागण्याच्या आठ-दहा वर्षं आधीपासून रोग्याच्या श्वासात एक पदार्थ येऊ लागतो. त्याच वेळी औषध सुरू केलं तर रोग जागच्या जागी थोपवता येतो. गोष्ट चांगलीच होती. पण चांगल्या गोष्टीला कायद्याचं शेपूट फुटतंच. या रोगात हात थरथरण्याच्या कितीतरी आधी पायाची चपळाई कमी होते, ब्रेकवर पाय पडायला जरा उशीर होतो. म्हणून प्रवासी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचा श्वास वर्षातून एकदा तपासायचा, आणि तांबडी पट्टी आली की त्याचं स्टिअरिंग बंद, असं ठरलं. रूपालीनं या कायद्याच्या बाजूनं स्वतः चार ठिकाणी भाषणं ठोकली होती.

आणि धनंजय कुरणे एसटीचा ड्रायव्हर होता. लग्नाच्या आधीपासून मिरज-रत्नागिरी चालवत होता. डिझेलची लाल गाडी गेली, बिनआवाजाची विजेची आली, पण आंबा घाट तोच आणि माणूसही तोच.

"मॅडम, हा आमच्या घरातला आहे," रूपाली म्हणाली.

शबाना बारगीर मॅडम कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी रूपालीला खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाल्या, "मग इथून पुढं तू याला हात लावायचा नाहीस. नियम तुला माहीत आहे."

प्रत्येक माणूस एकाच वेळी दोन नळ्या भरत असे. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. दुसरी नळी मॅडमनी स्वतः लावली. रूपाली भिंतीकडं तोंड करून बसली. नळी निघाल्यावर मॅडमनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली, त्यावरूनच तिला काय ते कळलं.

"अहवाल सोमवारी आपोआप आगारात जाईल," मॅडम शेवटी म्हणाल्या. "तो मला अडवता येत नाही. पण तुझ्या मिस्टरांना हे कळायचंच असेल तर तुझ्या तोंडून कळू दे. शनिवार-रविवार आहे मध्ये."

"परत नमुना घेतला तर?"

"तीन महिन्यांनी, पुण्याला. तू का विचारतीयस हे?"

खरंच, तिनं विचारायला नको होतं. सुरुवातीला लोक स्वतःच्या नळीत भावाचा नाहीतर मेव्हण्याचा श्वास भरून आणायचे, म्हणून तर तो तीन महिन्यांचा नियम आला होता. समोरच्या कपाटात कोऱ्या नळ्या होत्या. रूपालीची नजर त्यांच्याकडं गेली, नाही असं नाही. पण आंबा घाटातली वळणं तिनंही पाहिली होती, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागं चाळीस माणसं डुलक्या घेत बसलेली असतात हेही तिला माहीत होतं. तिनं नजर वळवली आणि डबा न उघडताच घरी गेली.

शुक्रवारी तिच्यानं सांगवलं नाही. शनिवारीही नाही. ती नुसती नवऱ्याकडं बघत राहिली. एकदा माणसाला काय शोधायचं हे कळलं की ते त्याला जागोजागी सापडायला लागतं, आणि रूपालीला तर शोधण्याचाच पगार मिळत होता. धनंजयनं आमटीची वाटी उचलली तर वाटी हलली. चालताना त्याचा डावा हात उजव्यापेक्षा कमी झुलत होता. तिनं मुद्दाम त्याला किराणा लिहायला बसवलं.

"अक्षर बारीक झालंय का हो तुमचं?"

"लग्नापासून सगळंच बारीक झालंय," तो म्हणाला आणि पुढं शेंगदाणे लिहिले.

शनिवारी संध्याकाळी दूध उतू जाऊन करपलं. वास घरभर पसरला आणि धनंजय शेगडीपासून चार हातांवर मोबाइल बघत बसलेला. वास न येणं हे या रोगाचं पहिलं लक्षण. रूपालीनं शेगडी बंद केली.

"तुम्हाला वास नाही आला?" तिनं विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. शालनबाईंना ती आत्या म्हणायची, आणि आत्या लेकाला पुरत्या ओळखून होत्या. "त्याला लहानपणापासनं नाही येत. उठून काही करायचं असलं की त्याचं नाक बंद होतंय."

एरवी रूपाली हसली असती. ती उठून आत गेली आणि मोरीत नळ सोडून उभी राहिली. आत्यांनी ते पाहिलं, पण त्या शहाण्या होत्या, त्यांनी करपलेलं पातेलं उचलून भिजत घातलं.

रविवारी धनंजयला सुट्टी होती. सकाळी तो सोप्यात बसून किल्ली पुसत होता. विजेच्या गाडीला किल्ली नसते, ती अंगठा ओळखते. ही किल्ली त्याच्या जुन्या डिझेल गाडीची होती. गाडी भंगारात निघाली तेव्हा आगारातल्या लोकांनी ती त्याला दिली होती. दाराच्या चौकटीला दसऱ्याचं झेंडूचं तोरण अजून सुकत लोंबत होतं. रूपाली दारात उभी राहून त्याच्या बोटांकडं बघत होती.

"दोन दिवस झाले, माझ्या हाताकडं बघतीस," तो मान वर न करता म्हणाला. "अंगठी आहे. विकली नाही."

"अहो."

"बोल की मग. आईपण बघायला लागलीय आता."

मग तिनं सांगितलं. तांबडी पट्टी, दुसरी नळी, सोमवार, सगळं एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढं बोलवलंच नसतं. सोप्यातल्या बाजेवर निवडायचं सूप घेऊन बसलेल्या आत्यांचा हात थांबला. धनंजयनं किल्ली खाली ठेवली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे घातले आणि दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे ते बघत राहिला.

"औषध आहे," रूपाली म्हणाली. "आत्तापासून घेतलं तर हात कधीच हलायचे नाहीत कदाचित."

"पण स्टिअरिंग बंद."

"बंद."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मागं माणसं बसतात." त्यानं खाली ठेवलेली किल्ली परत उचलली. "मला दुसरं काय येत नाही गं. घाटाच्या माथ्यावर पोचलो की सकाळचं धुकं खाली दिसतंय. ते बघितल्यावर दिवस सुरू झाला असं वाटतंय मला. ते आता नाही, एवढंच ना."

रूपालीला रडू आवरेना. स्वतःच्या कामाचा इतका राग तिला कधी आला नव्हता. "मशीन चुकलं असेल," ती म्हणाली. गेली कित्येक वर्षं लोक हेच वाक्य तिच्या तोंडावर म्हणायचे आणि ती समजुतीचं हसायची.

"तुझं मशीन? छे." धनंजयला ते पटेना. "आगारात पोरं कुरकुरतात तेव्हा मीच सांगतो त्यांना, आमच्या घरातनं चालतंय ते, चुकायचं नाही. आणि या वर्षी तर पूजा केली मी त्याची."

"कसली पूजा?"

"खंडेनवमीची. दुसरी कसली?"

खंडेनवमीला कुरण्यांच्या घरात पाट मांडून हत्यारांची पूजा व्हायची. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार. धनंजयची किल्ली, आत्यांचा अडकित्ता, विळी, कात्री, धनंजयच्या वडिलांची करवत.

"मागल्या वर्षी तू म्हणालीस," तो सांगू लागला, "पाटावर सगळ्यांचं आहे, माझंच काही नाही. हसत म्हणालीस, पण म्हणालीस. आता मशीन काय पाटावर आणता येतंय? या वर्षी नेमक्या माझ्या नळ्या आगारातनं आदल्या दिवशी घरी आल्या. म्हटलं, हेच तिचं हत्यार. ठेवल्या मांडून. तू ड्युटीवर होतीस."

रूपालीचं रडू जागच्या जागी थांबलं. "नुसत्या मांडल्या?"

"नुसत्या कशाला? हळदकुंकू, झेंडू, ऊद. कापराची आरती."

"झाकणं लावून?"

धनंजयनं तिच्याकडं असं पाहिलं की ही एवढी शिकली आणि काय विचारतीय. "आपल्यात हत्यार मिटवून पूजतात होय?"

"अडकित्तासुद्धा उघडा ठेवतो आपण," आत्या बाजेवरून म्हणाल्या. "कात्री उघडी, सुरी म्यानातनं बाहेर. मिटलेल्या हत्याराला पूजा पोचत नाही."

"दोन्हीकडची झाकणं काढून ठेवली दिवसभर," धनंजय म्हणाला. "संध्याकाळी घट्ट लावली. दसऱ्याला सकाळी उठून श्वास भरला आणि परत लावली. का गं?"

"अहो, पेटीवर सूचना आहे ना."

"वाचली की. 'श्वास भरल्यावर झाकण ताबडतोब लावावे.' लावलं ताबडतोब. आधी काढू नये असं कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. रूपालीनं कपाळाला हात लावला, कारण ती सूचना तिनंच लिहिली होती. श्वास भरण्याआधी कुणी झाकण कशाला काढेल, असं तिला वाटलं होतं. हवेतलं कणभर असेल ते धरून ठेवणारी भुकटी, आणि ती दिवसभर झेंडूच्या राशीत, कापराच्या धुरात, ऊदाशेजारी उघडी. आत काय काय जाऊन बसलं असेल या विचारानं तिला हसू फुटलं, आणि हसता हसता परत रडू आलं.

"थांबा, अजून काहीच ठरलेलं नाही," ती स्वतःलाच म्हणाली आणि मॅडमना फोन लावला.

बारगीर मॅडम ओल्या केसांनिशीच प्रयोगशाळेत आल्या. धनंजयनं नमस्कार केला आणि भिंतीला लागून उभा राहिला. मॅडमनी त्याच्या नमुन्याचा पूर्ण आलेख पडद्यावर काढला. एरवी तो कुणी बघत नसे. दिवसाला शेकडो नळ्या यायच्या. आलेखातल्या ज्या अरुंद जागेत कंपवाताची खूण उमटते तेवढ्याच जागेची उंची यंत्र मोजायचं आणि पट्टीचा रंग ठरवायचं.

आता पूर्ण आलेख समोर आला आणि मॅडम चक्क हसल्या. त्या अरुंद जागेच्या शेजारी एक डोंगर उभा होता. इतका उंच की त्याचा माथा पडद्याबाहेर गेला होता.

"कापूर," मॅडम म्हणाल्या. "आणि हे पलीकडचे सगळे झेंडू असणार. माणसाच्या श्वासात इतका कापूर यायचा तर त्याला वाटीभर खावा लागेल. आपली खूण याच्या अगदी लगत येते आणि यंत्रात तिचे जे तुकडे पडतात तेही याच्याच वजनाचे. डोंगराचा पायथा तिच्या जागेत पसरला, यंत्रानं तीच उंची धरली."

"म्हणजे मला काही नाही?" धनंजयनं विचारलं.

"म्हणजे नळी नासली. तुमच्याबद्दल या नळीला काहीच सांगता येत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही." मॅडमनी खुर्ची त्याच्याकडं फिरवली. "नासलेल्या नमुन्याला तीन महिने थांबावं लागत नाही. माझ्यासमोर नवा देता येतो. पण उपाशीपोटी लागतो. चहा झालाय?"

"कुठला चहा? ही सकाळपासून नुसती हाताकडं बघत बसलीय."

मॅडमनी कोऱ्या नळ्या काढल्या, झाकणं स्वतः उघडली. धनंजयनं नळीच्या तोंडाला ओठ लावले आणि सावकाश श्वास सोडू लागला. भरून घ्यायचा, सोडायचा, परत भरून घ्यायचा. इतकी वर्षं रूपाली लोकांचे श्वास मोजत होती, पण कुणाला श्वास सोडताना बघून आपला श्वास धरून ठेवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

नळी यंत्रात गेली. रूपालीला हात लावायला बंदी होती, तेव्हा ती दोघं बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

"आता काय चाललंय आत?" त्यानं विचारलं.

"तापवतायत. जे काही आहे ते सुटतंय."

"आणि आता?"

"आता गार करून एका जागी गोळा करतंय." तिनं त्याचा हात हातात घेतला. दोन दिवस बघून बघून डोळे दुखले होते, पण धरला मात्र आत्ताच. हात हलत होता. तो तिचा होता की त्याचा, ते तिला ठरवता येईना.

"एक ऐक," धनंजय म्हणाला. "तांबडं आलं तरी इथलं काम सोडायचं नाहीस. आणि पुढच्या वर्षी मी जबर बंदोबस्तात झाकण लावून मांडेन, पण मांडणार."

तेवढ्यात मॅडमनी दार उघडलं आणि नुसतं बाजूला होऊन त्यांना आत बघू दिलं. पडद्यावर हिरवी पट्टी होती. पूर्ण आलेखही शेजारी मांडून ठेवलेला, आणि त्या अरुंद जागेत सपाट रेघ, काही म्हणजे काही नाही.

रूपालीचा जीव भांड्यात पडला. तिनं तिथल्या तिथं, मॅडमच्या देखत, नवऱ्याच्या दंडावर कपाळ टेकलं. मॅडमनी न विचारता दुसरी नळीही लावली, तीही हिरवीच आली. पहिला अहवाल त्यांनी 'नमुना नासला' म्हणून रद्द केला आणि म्हणाल्या, "जा आता, चहा घ्या दोघं. आणि घरी त्या माउलींना फोन करा आधी."

आत्यांनी पहिल्या घंटेलाच फोन उचलला. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पूजा पोचली म्हणायची." सोमवारी धनंजय नेहमीसारखा रत्नागिरीला गेला.

मॅडमनी त्या आठवड्यातल्या बाकीच्या तांबड्या नळ्यांचे आलेख काढून पाहिले. आणखी एकीत कापूर निघाला. कुपवाडच्या एका ड्रायव्हरच्या आईनं ती देव्हाऱ्यात ठेवली होती. एक मात्र खरी तांबडी होती, तिथं कसलाही डोंगर नव्हता. त्या माणसाच्या घरी रूपाली स्वतः गेली आणि पहिली गोळी त्यानं तिच्यासमोर घेतली. तिथून परतताना तिला आपल्या सुटकेची थोडी लाजही वाटली, पण आनंद काही कमी झाला नाही. पेटीवरच्या सूचनेत तिनं एक ओळ वाढवली: 'पूजेसाठीही झाकण उघडू नये.' वरच्या कचेरीनं चेष्टा समजून ती खोडली. तिनं परत घातली.

वर्ष गेलं. पुढच्या खंडेनवमीला रूपालीनं सुट्टी काढली. धनंजयनं पाट मांडला. किल्ली, अडकित्ता, विळी, करवत. मग खिशातून एक नळी काढली. भुकटी निकामी होऊन बाद झालेली, मॅडमनी रूपालीकडून खास त्याच्यासाठी पाठवलेली. त्यानं ती किल्लीशेजारी ठेवली आणि बायकोकडं पाहिलं.

"झाकण राहू दे ना गं?" त्यानं चाचरत विचारलं.

रूपाली खाली बसली. नळी उचलून तिनं दोन्ही टोकांची झाकणं फिरवून काढली, ती उघड्या अडकित्त्याशेजारी नीट ठेवली आणि म्हणाली, "लावा कापूर."